निम्मं वर्गात, निम्मं मोबाईलवर... आणि मॅडम दमल्या

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. यंदा सांगितलंय की काही भाग ऑनलाइन घ्या. मी घरी बसून पन्नास-पन्नास मिनिटांची लेक्चर्स रेकॉर्ड करते, रात्रीचे बारा वाजतात, आणि वर्गात विचारलं तर चार-पाच जणांनीच बघितलेलं असतं. बऱ्याच मुलींकडे स्वतःचा फोन नाहीये. कॉलेजने एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं, त्यात अ‍ॅपची बटणं दाखवली, बस. हजेरी कशी धरू तेही कळत नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर: मॅडम, तुमचं चुकतंय ते एवढंच की तुम्ही वर्गातलं लेक्चर जसंच्या तसं उचलून मोबाईलमध्ये टाकताय. मीही हेच केलंय, चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, मागे पंख्याची घरघर, आणि शेवटपर्यंत बघणारा बहुतेक मी एकटाच. सात-आठ मिनिटांत एकच गोष्ट सांगा. मागणीची लवचिकता घ्या, व्याख्या आणि एक आकृती घरी, आणि वर्गात मुलांना विचारा की कांदा वीसचा साठ झाला तर घरी किती कमी आणता, आणि मीठ दुप्पट महाग झालं तर? आकडे फळ्यावर मांडा, भांडू द्या त्यांना. सांगायचं ते घरी आणि करायचं ते वर्गात, कारण मूल अडतं ते गणित मांडताना आणि नेमकं तेव्हाच तुम्ही शेजारी हव्या असता.

आता ट्रेनिंगचं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे 2021 मध्ये ब्लेंडेड लर्निंगचा, म्हणजे थोडं वर्गात थोडं ऑनलाइन शिकवण्याचा, मसुदा काढला, त्यात प्रत्येक कोर्सचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन चालेल असं होतं, पण टक्का ठरवणं सोपं हो, तो शिकवायला लागणारे तास कोण देणार? आयआयटी मुंबईत तिथले प्राध्यापक डॉ. दीपक फाटकांच्या पुढाकाराने इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी 'ट्रेन टेन थाउजंड टीचर्स' नावाचं ट्रेनिंग चाललं, त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे लेक्चर मुंबईहून लाइव्ह यायचं पण शिक्षक एकेकटे घरी नाही, जवळच्या कॉलेजातल्या सेंटरवर एकत्र बसायचे, आणि प्रॅक्टिकल तिथला को-ऑर्डिनेटर करून घ्यायचा, ज्याला आधीच मुंबईला बोलावून तयार केलेलं असायचं. म्हणजे अडलं की विचारायला माणूस शेजारीच. तुमच्या एक दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये हा माणूसच नव्हता.

तर प्राचार्यांकडे नवीन अ‍ॅप मागू नका. व्हिडिओ बनवायचे आणि उत्तरं तपासायचे तास वर्कलोडमध्ये धरा, हे लेखी मागा. लगेच मिळेलच असं नाही, पण तोंडी मागितलेलं तर नक्की विरतं. आणि आठवड्यातून एक तास तुम्ही, कॉम्प्युटर विभागातलं कुणी, शिवाय दुसऱ्या विषयाचे एक सर असं बसा. एकमेकांचा एक व्हिडिओ बघायचा आणि कुठे कंटाळा आला ते स्पष्ट सांगायचं. जरा लागतं मनाला, पण उपयोग होतो.

फोन नसलेल्या मुलींसाठी व्हिडिओशिवाय नुसता ऑडिओ आणि एक पानाची नोट ठेवा, लायब्ररीत कागदावरही ठेवा. कॉलेजकडे मूडल, म्हणजे धडे आणि व्हिडिओ ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर, असेल तर उत्तमच, ते फुकट आहे आणि त्याच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून घरी नेट नसताना बघता येतं. नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर भागवा, कुणी हसत नाही.

हजेरीचं म्हणाल तर व्हिडिओ उघडला की नाही यावर अजिबात धरू नका, मुलं लावून ठेवतात आणि जेवायला जातात. त्यापेक्षा दोन प्रश्न द्या, उत्तरं वहीच्या पानावर लिहून वर्गात येताना दारातच घ्या, मग मैत्रिणीच्या फोनवर बघितलेलं असो नाहीतर नोट वाचलेली असो, पान दिलं की हजर. पहिल्या आठवड्यात निम्मी पानं एकमेकांवरून उतरवलेली निघतील, तेव्हा दुसऱ्या प्रश्नात त्यांच्या स्वतःच्या घरचा आकडा विचारा.