उतरती कळा लागलेल्या समुद्रकाठच्या शहरात घडणारी चांगली रहस्यकादंबरी कोणती?

एली ग्रिफिथ्स यांची 'द झिग झॅग गर्ल' (२०१४) वाचा. १९५० सालचं ब्रायटन, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं शहर. स्टेशनवर प्रवाशांचं सामान सांभाळतात त्या खोलीत ठेवलेल्या पेट्यांमध्ये एका तरुणीचं शीर आणि पाय सापडतात, धड मात्र गायब. इन्स्पेक्टर एडगर स्टीफन्सला त्यावरून रंगमंचावरचा 'झिग झॅग गर्ल' हा जादूचा प्रयोग आठवतो, ज्यात पेटीतल्या बाईचे तीन तुकडे झाल्यासारखे दिसतात. तो प्रयोग करणारा मॅक्स मेफिस्टो हा त्याचा दुसऱ्या महायुद्धातला जुना सोबती. (प्रत्यक्षात हा प्रयोग जादूगार रॉबर्ट हार्बिनने १९६५ मध्ये आणला, कादंबरीत तो मॅक्सच्या नावावर आहे. मला ही मोकळीक आवडली.)

पेटीची कल्पना हवेतून आलेली नाही. जून १९३४ मध्ये याच स्टेशनवर एका ट्रंकेत बाईचं धड सापडलं होतं. ती कोण, हे आजवर कळलेलं नाही.

तुम्ही 'उतरती कळा' म्हणालात, म्हणूनच हे पुस्तक सुचवतोय. युद्धात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरले होते, काटेरी तारा लावल्या होत्या. शत्रूला उतरता येऊ नये म्हणून समुद्रात गेलेले पिअर (फिरायचे लांब धक्के) मधूनच तोडले होते. १९५० मध्येही रेशनिंग चालूच होतं. जादूगार, विनोदवीर, नर्तकी अशा कलाकारांच्या व्हरायटी थिएटरांचे शेवटचे दिवस, कारण टीव्ही दाराशी येऊन उभा. ही मंडळी आठवडाभर एका गावात खेळ करत आणि रविवारी गाडीने पुढच्या गावी जात. खानावळवजा घरांच्या मालकिणींना नवीन चेहऱ्यांचं काही वाटत नसे. अशा गावात खुनी सहज मिसळून जातो आणि तपास करणाऱ्याला रोज खोटं वागणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनाच प्रश्न विचारावे लागतात. या पुस्तकाची खरी मजा मला इथेच वाटते.

खुनी कोण, याचा अंदाज मुरलेल्या वाचकाला लवकर येईल. त्याने काही बिघडत नाही. घाईने शेवट गाठू नका. रंगपटातली आणि भाड्याच्या खोल्यांतली पानं सावकाश वाचा, एडगर आणि मॅक्सच्या मैत्रीत युद्ध किती खोलवर उरलंय ते तिथेच कळतं.

आवडलं तर पुढचा भाग 'स्मोक अँड मिरर्स' घ्या. त्यात मात्र लहान मुलांचे खून आहेत. तो विषय सोसत नसेल तर पहिल्यावरच थांबा, ती गोष्ट स्वतःपुरती पूर्ण आहे.