वाचकांचे प्रश्न : तेल पिणारी माझदा आणि तिचे दोन टर्बो

जुन्या जपानी टर्बो गाड्यांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच गाडीची आहेत. ती म्हणजे माझदाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७. १९९१ च्या अखेरीस ती जपानमध्ये आली आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबले. शौकीन तिला 'एफडी' म्हणतात. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नागोयाला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने तीस वर्षे जुनी आरएक्स-७ विकत घेतली. आमच्याकडे जी गाडी ऑइल पिते तिचे इंजिन गेले असे समजतात. मुलगा मात्र म्हणतो, "बाबा, ही गाडी ऑइल प्यायली नाही तर काळजी करायची." तो माझी समजूत काढतो आहे, की त्यालाच कोणी फसवले आहे?
— एक वडील, सांगली

उत्तर : आपला मुलगा खरे बोलतो आहे आणि निदान या एका बाबतीत त्याला कोणी फसवलेले नाही. या गाडीचे इंजिन रोटरी आहे, त्यात पिस्टन नसतात. मध्यभागी किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत एक तिकोनी रोटर फिरतो, असे दोन रोटर एकामागे एक बसवलेले असतात, आणि प्रत्येक रोटरच्या तिन्ही टोकांवर धातूची एकेक अरुंद पट्टी असते. या पट्टीला एपेक्स सील म्हणतात. इंजिन चालू असेपर्यंत ती पोकळीच्या भिंतीला घासत राहते, आणि तिला वंगण मिळाले नाही तर ती भिंतही खराब करते आणि स्वतःही झिजते. म्हणून एक छोटा पंप इंजिनातलेच ऑइल थोडे थोडे मोजून आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाते. आपण पूर्वी लूना किंवा टू-स्ट्रोक स्कूटर चालवली असेल, तर पेट्रोल पंपावर मापाने ऑइल घालून घेतल्याचे आठवत असेल. तत्त्व तेच आहे, फक्त इथे माप गाडी स्वतः घेते.

या पट्टीने माझदाला फार छळले आहे. साठच्या दशकात हिरोशिमातल्या इंजिनिअरांना चाचणीनंतर उघडलेल्या इंजिनाच्या भिंतीवर ओळीने ओरखडे दिसत, आणि ते त्यांना 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हणत. केनिची यामामोतो यांच्या तुकडीने त्यावर तोड काढल्यावरच १९६७ साली दोन रोटरांची कॉस्मो स्पोर्ट विक्रीला येऊ शकली. आपल्या मुलाच्या गाडीतले इंजिन त्याच घराण्यातले आहे, मात्र त्यावर दोन टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे, चढवलेले असल्यामुळे त्या पट्ट्यांवरचा ताण कितीतरी वाढलेला आहे.

तेव्हा गाडी ऑइल पिते याची चिंता नसावी. दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेट्रोल भरताना मुलगा डिपस्टिक काढून पाहतो का, एवढे मात्र विचारावे. ऑइल पिणे एकाएकी थांबले तर तो मोजणारा पंप किंवा त्याच्या नळ्या तपासून घ्याव्या लागतात, आणि उलट मागून निळ्या धुराचे लोट निघू लागले तर संशय टर्बोच्या सीलवर घ्यावा.

राहिला खर्च. दोन रोटरांची क्षमता मिळून १,३०८ सीसी भरते, पण जपानमध्ये कर आकारताना रोटरी इंजिनाची क्षमता दीडपट धरतात, म्हणून ही गाडी दोन लिटरच्या गटात जाते. त्या गटातल्या जुन्या गाड्यांना लागू असलेला वार्षिक कर ३९,५०० येन आहे आणि पेट्रोलची गाडी तेरा वर्षांपेक्षा जुनी झाली की तो ४५,४०० येन होतो. शिवाय दर दोन वर्षांनी 'शाकेन' ही सक्तीची तपासणी असते. मुलाने हे आकडे घरी सांगितले नसतील, तर ते माझ्याकडून कळले असे कृपया सांगू नये.

प्रश्न : मी ओसाकाला राहतो आणि हीच गाडी घेण्याच्या विचारात आहे. एका विक्रेत्याकडची गाडी दिसायला उत्तम आहे, सायलेन्सर बदललेला आहे आणि इंजिन 'नुकतेच बांधलेले' आहे असे तो सांगतो. काय पाहावे?
— एक वाचक, ओसाका

उत्तर : 'इंजिन बांधले' या दोन शब्दांवर पैसे मोजू नयेत. बिल मागावे, इंजिन खोललेले असतानाचे फोटो मागावेत, आणि कोणते भाग नवे घातले व कोणते जुनेच साफ करून बसवले हे लिहून घ्यावे. नुसती सीले बदलून खरवडलेल्या भिंतीत तोच रोटर परत बसवला असेल, तर त्याला मी डागडुजी म्हणेन.

त्यानंतर कंप्रेशन, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे, आणि तेही इंजिन तापलेले असताना. पिस्टनच्या इंजिनाला लावतात तो साधा गेज इथे दिशाभूल करतो, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यांतल्या सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा दाखवून मोकळा होतो. रोटरीसाठीचे खास यंत्र तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देते. सेल्फ इंजिनाला किती वेगाने फिरवतो यावर ते आकडे बदलतात, म्हणून मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबात बसवलेलेच आकडे ग्राह्य धरावेत. यंत्र नसेल तर कानाने अंदाज घेता येतो. एका रोटरचा खालचा प्लग काढून, इंधनपंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारायला सांगावा आणि ऐकावे. फुस्, फुस्, फुस् असे सारख्या ताकदीचे तीन फुत्कार एकामागून एक येत राहिले पाहिजेत. त्यांतला एक दर वेळी दबका येत असेल तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावे. शेवटी गाडी अर्धा तास चालवून बंद करावी, दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करून पाहावी. सीले थकलेली असतील तर थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होते आणि गरम इंजिन ताटकळत ठेवते.

उष्णता हा या गाडीचा खरा शत्रू आहे. इंजिन थंड असताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, भरायचे झाकण उघडून गाडी सुरू करावी. कूलंटमधली सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येतच राहिले, तर आतली पाण्याची सीले गेली असे समजावे. कूलंटमधली हवा वेगळी करणारी एक छोटी प्लास्टिकची टाकी इंजिनाजवळ असते. ती उष्णतेने ठिसूळ होऊन तडकते, म्हणून अनेक मालक तिच्या जागी ॲल्युमिनियमची टाकी बसवतात. ती बसवलेली दिसली तर आधीचा मालक जाणता होता असे मानायला हरकत नाही. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नये, कारण तो बराच वेळ मध्यावर स्थिर राहतो आणि हलू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकड्यांत तापमान दाखवणारा वेगळा गेज गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यावा. इंधनाच्या रबरी नळ्या आणि इंधनवाहिनीवरचा, दाबाचे धक्के शोषणारा पल्सेशन डॅम्पर यांच्याभोवती ओल किंवा पेट्रोलचा वास नाही ना, हेही पाहावे, कारण तिथली गळती तापलेल्या इंजिनावर होते आणि त्यातून गाड्यांना आगी लागलेल्या आहेत.

आता बदललेल्या सायलेन्सरविषयी. टर्बोच्या गाडीत धुराची वाट मोकळी केली की टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवेचा दाब वाढतो. दाब मर्यादेत ठेवणारी झडप या गाडीत लहान आहे. वाट फारच मोकळी झाली की दाब तिला जुमानत नाही. हवा वाढली, पण पेट्रोल आणि कॉम्प्युटरची मांडणी जुनीच राहिली, तर मिश्रण पातळ होते, वेळेआधी स्फोट होतो आणि ती अरुंद पट्टी तुटते. तुटलेला तुकडा जाताना टर्बोच्या पात्यांनाही धडकतो. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. उमेदवारीच्या काळात एका ग्राहकाच्या आग्रहाखातर मी धूर शुद्ध करणारे दोन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवला आणि कॉम्प्युटरला हात लावला नाही. गाडी परत आली ती टो करून, आणि त्या इंजिनाचे पैसे मी हप्त्यांनी फेडले. म्हणून विक्रेत्याला विचारावे, की पाइपबरोबर आणखी काय बदलले आहे आणि दाब किती ठेवला आहे. उत्तर देताना तो अडखळला तर तेवढी गाडी सोडून द्यावी.

सुट्या भागांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. २०२० च्या अखेरीपासून माझदाने दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे काही भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत.

प्रश्न : अशी गाडी जपानमधून पुण्यात आणता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कायमची नोंदणी करून वापरण्यासाठी येणार नाही. भारतात आयात होणारी वापरलेली मोटार उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि सर्वांत नवी एफडीसुद्धा २००२ सालची आहे. आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जपानमध्ये जावे आणि तिथे एखादा दिवस अशी गाडी भाड्याने चालवावी. खर्चाच्या मानाने हा सौदा वाईट नाही.

प्रश्न : माझी १९९४ सालची आरएक्स-७ अमेरिकेतच नवी विकली गेलेली आहे. साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत ती उत्तम ओढते, पण त्यापुढे एकदम मान टाकते. इथला मेकॅनिक दोन्ही टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसवायला सांगतो आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मेकॅनिकला थोडे थांबवावे. या गाडीतले दोन टर्बो पाळीने काम करतात. खालच्या वेगात सगळा धूर पहिल्या टर्बोकडे जातो, म्हणजे तो चटकन दाब धरतो. सुमारे ४,५०० फेऱ्यांना दुसरा कामाला लागतो आणि तिथून पुढे दोघे मिळून हवा पुरवतात. दाबाच्या गेजवर हा खेळ स्पष्ट दिसतो. आधी सुमारे १० पौंड, खांदेपालटाच्या क्षणी सुमारे ८, आणि लगेच पुन्हा १०. आपल्या गाडीत ८ वर आलेला काटा वर न चढता आणखी घसरत असणार. याचा अर्थ दुसऱ्या टर्बोपर्यंत हुकूम पोहोचत नाही. टर्बो स्वतः बहुधा शाबूत असतो.

हा हुकूम पोहोचवणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या करंगळीपेक्षा बारीक आहेत. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली त्यांचा शेवयांसारखा गुंता असतो, आणि त्यातच विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड व एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या छोट्या झडपा बसवलेल्या असतात. तीस वर्षे इंजिनाची धग खाल्लेली अशी नळी हातात घेतली तर ती लवत नाही, वाळलेल्या काटकीसारखी कड्कन मोडते. तिथून दाब निसटतो, धुराची वाट उघडणारी झडप हलत नाही आणि दुसरा टर्बो जागचा उठत नाही.

वरचा मॅनिफोल्ड उतरवून सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घालाव्यात. मात्र एक काढावी, तिच्या जागी नवी लावावी आणि मगच दुसरीला हात घालावा. सगळ्या एकदम उपसून आकृती पाहत बसणाऱ्याची संध्याकाळ तिथेच होते. त्या एकदिश झडपा तोंडाने फुंकून पाहाव्यात, दोन्ही बाजूंनी हवा गेली तर ती झडप फेकावी. झडपा हलवणाऱ्या प्रत्येक ॲक्चुएटरला हातपंपाने व्हॅक्यूम किंवा दाब, ज्याला जे लागते ते, देऊन त्याची दांडी हलते का आणि हललेली टिकते का, ते पाहावे. हे काम चिकाटीचे आहे, दोन सुट्ट्यांचे दिवस जातात, पण सामानाचा खर्च मोठ्या टर्बोच्या जवळपासही जात नाही.

एकच मोठा टर्बो शर्यतीच्या मैदानावर शोभतो. त्याच्यासाठी इंजेक्टर, इंटरकूलर आणि कॉम्प्युटर हे सगळे बदलावे लागते, आणि रोजच्या रस्त्यावर खालच्या वेगातला जोर गमवावा लागतो. माझे मत विचाराल तर ही पाळी हेच या गाडीचे वैशिष्ट्य आहे, आणि ते शाबूत ठेवण्यासाठी दोन रविवार द्यावेत.

प्रश्न : गौरी-गणपतीच्या आरासीसाठी गॅरेज रिकामे करायचे होते, म्हणून आरएक्स-७ सुरू करून वीस फूट मागे घेतली आणि लगेच बंद केली. विसर्जनानंतर आत घ्यायला गेलो तर ती सुरूच होईना. सेल्फ नेहमीपेक्षा भराभर फिरतो आणि पेट्रोलचा वास येतो. इंजिन गेले का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : बहुधा नाही. गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल दिले जाते. ते जळण्याआधीच आपण गाडी बंद केली, त्यामुळे उरलेल्या पेट्रोलने पट्ट्यांवरचे ऑइल धुऊन काढले आणि कंप्रेशन गेले. सेल्फ भराभर फिरतो तो म्हणूनच, त्याला विरोध करणारे आत काही उरलेले नाही.

आता पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये, त्याने आणखी पेट्रोल आत जाते. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, इंधनपंपाचा फ्यूज काढावा आणि प्रत्येक रोटरचा खालचा प्लग काढावा. प्रत्येक रोटरला दोन, असे एकूण चार प्लग असतात. खालच्या आणि वरच्या प्लगचे क्रमांक वेगळे असतात, मूळचे खाली ७ आणि वर ९, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. इग्निशनच्या वायरी सुरक्षित बाजूला करून, आसपास ठिणगी नाही याची खात्री करून, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांनी सेल्फ मारावा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा निघेल. तो थांबला की प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, दोन-चार फेरे फिरवावेत, प्लग कोरडे करून किंवा नवे घालून फ्यूज परत लावावा आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी सुरू करावी. सुरू झाल्यावर पांढऱ्या-निळ्या धुराने शेजारी घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवावे.

यापुढे एकदा सुरू केलेली गाडी इंजिन पुरते तापल्याशिवाय बंद करू नये. नुसती जागा बदलायची असेल तर ती सुरूच करू नये. गणपतीच्या आदल्या दिवशी घरात चार माणसे असतातच, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून त्यांच्याकडून ढकलून घ्यावी.