ड्रायव्हर राहू द्या, आधी पॉवर सेटिंग बघा

तुम्ही लिहिलंय की यूएसबीला लावलेल्या उपकरणातून डेटाचं दिवसा सलग रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं, पण रात्री दर तासाला थोडा वेळ असं शेड्यूल लावलं की सकाळी स्क्रीनवर 'डिव्हाइस नॉट फाउंड', आणि यूएसबी काढून परत लावली की सगळं सुरळीत. अगदी हेच आमच्याकडे झालं होतं. केबल बदलणं, रिस्टार्ट वगैरे करून झालं असणारच, त्यात शिरत नाही.

परत लावल्यावर लगेच चालतंय म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला उपकरणाशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर, बहुतेक ठीक आहे (तुमचं मॉडेल माहीत नाही, त्यामुळे अंदाजच समजा). मला संशय यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडचा. दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये उपकरण गप्प असतं, विंडोज वीज वाचवायला त्याला झोपवतं, आणि काही उपकरणं त्यातून धड उठतच नाहीत. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते डिसेबल करा, शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा. दोन्ही करा. कॉम्प्युटरची स्वतःची स्लीपसुद्धा बंद.

आता खरी गोम. हे सगळं आम्ही केलं होतं आणि तरी सकाळी तेच. कारण मशीन डोमेनवर (संस्थेच्या आयटीच्या ताब्यातल्या नेटवर्कवर) होतं, आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे आयटीने तिथल्या मशीन्सवर एकदम लावलेली सेटिंग्ज, साधारण दर 90 मिनिटांनी (त्यात वर 30 मिनिटांपर्यंत इकडेतिकडे) रिफ्रेश होते, म्हणजे घरी पोचेपर्यंत सेटिंग परत जैसे थे! आमच्या आयटीवाल्यांना तिकीट टाकलं की कोणीतरी रिमोटने येऊन ड्रायव्हर परत टाकणार, 'रिझॉल्व्ड' लिहून तिकीट बंद. पॉलिसीबद्दल विचारलं तर म्हणे ती सगळ्यांना सारखीच असते. अहो, सारखीच आहे हाच तर प्रॉब्लेम आहे, रात्रभर डेटा घेणारं मशीन आणि ईमेल बघायचं मशीन एकाच पॉलिसीत कशाला? शेवटी संध्याकाळचा आणि सकाळचा त्याच सेटिंगचा स्क्रीनशॉट आणि जीपीरिझल्टचा (मशीनला कोणत्या पॉलिसी लागू आहेत ते दाखवणाऱ्या विंडोजच्या कमांडचा) रिपोर्ट असं एकत्र जोडून त्यांच्या वरच्यांना मेल केला, तेव्हा कुठे रेकॉर्डिंगची मशीन्स वेगळ्या ग्रुपमध्ये गेली. तुम्हीही आधी तो रिपोर्टच काढा, तोंडी भांडत बसू नका. आणि वैतागून परस्पर डोमेनमधून मशीन काढू नका, नंतर डोक्याला ताप होतो.

जाता जाता: पॉवर अ‍ॅडॉप्टर नसलेला हब (एका पोर्टचे अनेक करणारा) मध्ये असेल तर काढा, यूएसबी 2 च्या एका पोर्टला 500 मिलिअँपिअरच मिळतात आणि हबवर तेही वाटून जातात. उपकरण विंडोजमध्ये कॉम पोर्ट (COM3 असा नंबर असलेला सिरियल पोर्ट) म्हणून दिसत असेल तर नेहमी त्याच यूएसबी पोर्टला लावा, नाहीतर कधीकधी नंबर बदलतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर शोधत बसतं. उपकरणात एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सिरियल चिप असून डेटा अडखळत येत असेल तर लेटन्सी टायमर (थोडाच डेटा असेल तर तो पाठवण्याआधी चिप किती थांबते ते) बघा, तो मुळात 16 मिलिसेकंदांवर असतो, कमी करता येतो. पण तुमच्या रात्रीच्या घोळाशी याचा काही संबंध नसावा.