वाचकांचे प्रश्न : पस्तिशीपुढच्या फुटबॉलपटूचे मानधन वसूल होते का?

प्रश्न : आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात यंदाच्या हंगामासाठी बाहेरचा एक अनुभवी खेळाडू घ्यावा, असा विचार चालू आहे. त्याचे वय ३८ आहे आणि त्याने मागितलेले मानधन आमच्या तीन मुलांच्या मानधनाइतके आहे. काहींच्या मते हे ‘नाव सोनूबाई’सारखे प्रकरण आहे, तर काही जण अनुभवाला मोल असतेच असे म्हणतात. जगातले मोठे क्लबही पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूंवर कोट्यवधी खर्च करतात. ते पैसे खरोखर वसूल होतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वसूल होतात की नाही, हे खेळाडूच्या वयापेक्षा त्याच्याशी केलेल्या करारावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये लंडनमधल्या दोन क्लबांनी दोन ब्राझिलियन खेळाडू घेतले. चेल्सीने छत्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या थियागो सिल्वा या बचावपटूशी आधी एकाच वर्षाचा करार केला, आणि आर्सेनलने नुकतीच बत्तिशी गाठलेल्या विलियनशी तीन वर्षांचा. दोघांचेही आधीचे करार संपलेले असल्यामुळे आधीच्या क्लबला द्यायचे हस्तांतराचे शुल्क कोणालाच मोजावे लागले नव्हते. पुढच्या मे महिन्यात चेल्सीने चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा सिल्वा त्या संघाच्या बचावाचा कणा होता, आणि वर्षावर्षाने करार वाढवत तो २०२४ पर्यंत तिथे राहिला. विलियनने मात्र लीगच्या संपूर्ण हंगामात एकच गोल केला आणि उरलेली दोन वर्षे सोडून देऊन तो मायदेशी परतला. त्याने स्वतःहून पैशावर पाणी सोडले म्हणून आर्सेनल सुटले. सगळेच खेळाडू एवढे उदार नसतात.

या तुलनेत खेळाडूची जागाही लक्षात घ्यावी लागते. विलियनसारख्या बगलेवरून धावणाऱ्याची सारी भिस्त वेगावर असते आणि वेग सर्वांत आधी साथ सोडतो, तर मध्यवर्ती बचावपटू किंवा गोलरक्षक कुठे उभे राहायचे हे ओळखून पायांची उणीव बरीच वर्षे भरून काढू शकतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. खेळाडूचे मानधन सर्वांना दिसते, पण त्याच्यासाठी आधीच्या क्लबला दिलेले शुल्क कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते, हे सहसा कोणी मोजत नाही. जुव्हेंटसने २०१८ मध्ये ३३ वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्दोसाठी रेआल माद्रिदला सुमारे १० कोटी युरो दिले आणि चार वर्षांचा करार केला. म्हणजे मानधनाचा एक युरोही देण्यापूर्वी वर्षाला अडीच कोटींचा बोजा पडला. त्याने तीन हंगामांत १३४ सामन्यांत १०१ गोल केले आणि इटलीची लीग दोनदा जिंकून दिली, त्यामुळे त्याने काम केले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु ज्या चॅम्पियन्स लीगसाठी हा सारा खटाटोप केला होता, तीत संघ उपांत्यपूर्व फेरीपुढे गेला नाही, आणि २०२१ मध्ये त्याला मँचेस्टर युनायटेडकडे सोडताना रेआलला दिलेल्या रकमेचा लहानसा भागच परत आला. तरुण खेळाडू निराशाजनक ठरला तरी त्याला गिऱ्हाईक मिळते. पस्तिशीच्या खेळाडूला ते फारसे मिळत नाही.

म्हणूनच आर्सेन वेंगर आर्सेनलचे प्रशिक्षक असताना तिशी ओलांडलेल्यांना बहुधा एकाच वर्षाचा करार मिळत असे. या शिस्तीचीही किंमत पडते. आर्सेनलचा रॉबर्ट पिरेस याच कारणाने २००६ मध्ये दोन वर्षे देणाऱ्या व्हियारेआलकडे गेला, आणि २००७-०८ मध्ये त्या क्लबने स्पॅनिश लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले तेव्हा तो त्या संघात होता.

हाच पिरेस २०१४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिशीत, एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात खेळला. त्याच वर्षी युरोपात गाजलेले आणखी काही जण आले : पुण्याकडे ३७ वर्षांचा डेव्हिड त्रेझेगे होता, मुंबईकडे निकोला अनेल्का आणि दिल्लीकडे ३९ वर्षांचा अलेस्सांद्रो देल पिएरो, ज्याने हंगामात एकच गोल केला. गोलांच्या हिशेबात हा घाट्याचा सौदा होता. मात्र त्यांना गोलांसाठी आणलेच नव्हते; नव्या स्पर्धेकडे लोकांनी वळून पाहावे म्हणून आणले होते, आणि ते काम त्यांनी केले. दरम्यान अंतिम सामन्यात, भरपाईच्या वेळेत कोलकात्यासाठी निर्णायक गोल केला तो महंमद रफीक या बदली भारतीय खेळाडूने.

याउलट सुनील छेत्रीने २०२४-२५ च्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, बेंगळुरूसाठी १४ गोल केले, आणि एकाही भारतीय खेळाडूचे त्याहून अधिक नव्हते. चालू हंगामातल्या कामाचे पैसे घेणारा ज्येष्ठ खेळाडू तो हा.

आता तुमच्या तालमीचा प्रश्न. हा खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो आणि गेल्या वर्षी त्याने किती सामने पूर्ण वेळ खेळले, हे आधी पाहावे. दहा वर्षांपूर्वी तो कोणत्या क्लबात होता, याला महत्त्व देऊ नये. तो आघाडीवर धावणारा असेल, तर मी तीन मुलांचे मानधन त्याला देणार नाही. बचावात किंवा मधल्या फळीत खेळणारा असेल, तर एका हंगामापुरता करार करावा, अर्धी रक्कम ठरलेली ठेवून उरलेली प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांशी जोडावी, आणि सरावाला रोज हजर राहण्याची अट लेखी घालावी. तो केवळ सामन्याच्या दिवशी येणार असेल, तर पोरांना त्याच्याकडून काही शिकायला मिळणार नाही, आणि तसे असेल तर मागितलेली रक्कम जास्तच आहे.