सोर्समधून बिल्ड करताना ‘मेक चेक’ करायलाच हवं का?

करायलाच हवं. मेक ही कमांड सोर्स कोडमधून प्रोग्राम बांधते, आणि मेक चेक त्याच्यासोबत आलेल्या चाचण्या चालवते. तुमचं म्हणणं, मेक एररशिवाय संपलं तर चाचण्यांवर वेळ का घालवायचा, आणि तयार बांधलेलं पॅकेज मिळत असताना सोर्सच्या भानगडीत पडावंच का. मेक संपलं म्हणजे कंपायलरची (कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार नाही, एवढंच कळतं. जीएमपी (मोठ्या आकड्यांच्या गणिताची लायब्ररी) बनवणारे तर मेक चेकचा आग्रहच धरतात, कारण खुद्द कंपायलरने चुकीचा कोड काढल्याचे प्रसंग त्यांनी पाहिलेत.

हा वाद मी बडोद्यात एका ऑफिसात घातलाय. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका स्पेअर पार्टवाल्याचा डेटाबेस सेंटओएस ७ या लिनक्सवरून डेबियन १० या दुसऱ्या लिनक्सवर न्यायचा होता. सीनियरांचा बेत असा: नव्या मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती सोर्समधून बांधायची आणि जुनी डेटा डिरेक्टरी उचलून ठेवायची. सीनियर सगळं रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, करायचे, आणि पोस्टग्रेसचं मेक चेक रूटने चालत नाही, नवा डेटाबेस उभारणारं इनिटडीबी नकार देतं. "ते डेव्हलपर लोकांसाठी असतं रे, इन्स्टॉल मार आणि मोकळा हो," असं ते म्हणाले.

मी साधा युजर काढून चालवलं. एक-दोन चाचण्या पडल्या. रिग्रेशन डिफ्सची फाइल (अपेक्षित आणि आलेल्या उत्तरातला फरक) उघडली तर ओळी त्याच, क्रम वेगळा. "बघ, बिनकामाचं," सीनियर म्हणाले. सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता हे खरं. लोकेलप्रमाणे (भाषा-देशाच्या सेटिंगप्रमाणे) क्रम बदलू शकतो असं मॅन्युअलच सांगतं. पण हा क्रम लिनक्सची मूळ सी लायब्ररी ग्लिबसी ठरवते. म्हणून दोन्ही मशीनवर अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये ‘१-१’ आणि ‘११’ या दोन ओळी सॉर्ट कमांडला दिल्या. जुन्यावर ११ आधी, नव्यावर १-१ आधी! २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमाचे नियम बदलले. सेंटओएस ७ वर २.१७ आहे, डेबियन १० वर २.२८.

गिऱ्हाइकाचे पार्ट नंबर सगळे डॅशवाले. इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची शोधसूची, जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने होणार. म्हणजे माल गोदामात असून स्क्रीनवर नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तोच नंबर दोनदा चढणार. रीइंडेक्स केल्याशिवाय (इंडेक्स नव्याने बांधल्याशिवाय) मशीन चालू करू देणार नाही म्हणालो, आणि करून घेतलं. मीटिंगमध्ये मात्र चाचणीचा यात काही संबंध नव्हता असं सांगितलं गेलं. संबंध होता. ती डिफ वाचली नसती तर सॉर्टकडे कोणी बघितलंच नसतं.

तेव्हा रूटने बिल्ड करू नका, प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) होम फोल्डरमध्ये द्या, चाचणी पडली तर आधी लॉग वाचा. पॅकेज मिळत असेल तर खुशाल पॅकेज घ्या. डेबियनवाले पॅकेज बांधताना बहुतेक वेळा चाचण्या चालवतातच. वरचा घोळ मात्र पॅकेजनेही टळला नसता. डिरेक्टरी उचलण्याऐवजी पीजी-डम्पने डेटा बाहेर काढून रिस्टोर केलं असतं तर टळला असता, कारण त्यात इंडेक्स नव्याने बनतात. हेही मी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं, वेळ नाही म्हणून ऐकलं गेलं नाही.