‘लोहविद्युत’मध्ये लोह कुठंय?

प्रश्न असा आलाय की फेरोइलेक्ट्रिकला, म्हणजे ज्यांची एक बाजू आपोआप धन आणि दुसरी ऋण असते आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्राने ती उलटवता येते अशा स्फटिकांना, मराठीत ‘लोहविद्युत’ म्हणतात तर त्या स्फटिकांत लोखंड असतं का, आणि क्वांटम मॅग्नेटमध्ये, म्हणजे ज्या चुंबकीय पदार्थांत क्वांटम परिणाम ठळक दिसतात त्यांत, ही भानगड कुठून येते.

लोखंड असावंच लागतं असं अजिबात नाही! ‘फेरो म्हणजे लोखंड, म्हणून हे मटेरियल चुंबकाला चिकटतं’ असं शिकवताना परवा परत ऐकलं आणि डोकंच फिरलं. 1920 साली व्हॅलासेक या भौतिकशास्त्रज्ञाने ज्या रोशेल सॉल्टमध्ये हा गुण दाखवला ते सोडियम-पोटॅशियमचं टार्ट्रेट, लोखंडाचा कणही नाही. बाहेरचं विद्युतक्षेत्र काढलं तरी ध्रुवीकरण (धन-ऋण भारांची ही फारकत) शिल्लक राहतं आणि आलेखात लोखंडाच्या चुंबकासारखाच फुगीर लूप येतो, एवढंच साम्य. रशियन लोक अजून ‘सेग्नेटोइलेक्ट्रिक’ म्हणतात, ला रोशेलच्या सेनिएत नावाच्या औषधवाल्यावरून, म्हणजे ज्याने ते मीठ पहिल्यांदा केलं त्याच्यावरून, आणि मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

पण खरी मजा ‘लोह’ शब्दात आहे. लोहित म्हणजे लाल. मुळात लोह म्हणजे लाल धातू, तांबं! रुद्रानंतर चमक म्हणतात ना, त्यात ‘श्यामं च मे लोहं च मे’ येतं, श्याम काळं ते लोखंड आणि लोह लाल ते तांबं, इतकं सरळ आहे. इथेही लोह म्हणजे लोखंडच असं सांगणारे आहेत, मला ते बिलकुल पटत नाही, काळ्या धातूला लाल नाव कोण देईल? लोखंडाला हे नाव नंतर चिकटलं, आपलं ‘लोखंड’सुद्धा लोहखंडच.

आता क्वांटम मॅग्नेट. 2003 मध्ये टर्बियम मँगनाइटमध्ये दिसलं की साधारण 28 केल्विनखाली (म्हणजे उणे 245 अंश सेल्सिअसखाली) स्पिन, म्हणजे अणूंचे बारीक चुंबक, मळसूत्रासारखे फिरत मांडले जातात, त्या फिरकीने स्फटिकाची सममिती मोडते, विद्युतभार जरासे सरकतात आणि ध्रुवीकरण उभं राहतं. म्हणजे वीज चुंबकत्वाच्या पोटातून येते. त्या फिरकीची दिशा उलटी केली की ध्रुवीकरणही उलटतं. मग 2007 मध्ये लिथियम-तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये हेच सापडलं, त्यात तांब्याच्या आयनांच्या साखळ्या असतात आणि प्रत्येकाचा स्पिन अर्धा, सगळ्यात लहान, म्हणून तिथे क्वांटम चळवळ, म्हणजे स्पिनची स्वस्थ न बसणारी थरथर, फार.

तांबं बघा! जिथे लोखंड नाही म्हणून मी वैतागलो होतो तिथे चमकातलं लोह हजर आहे. अशा तांब्याच्या क्वांटम मॅग्नेटपुरता ‘लोहविद्युत’ शब्द मला चालेल, लोह म्हणजे तांबं हे मान्य असेल तर. बाकी सगळीकडे सरळ ‘फेरोइलेक्ट्रिक’ लिहा.