कोरोनात लोकांमध्ये नैराश्य वाढलं म्हणतात, पण आमच्या ओळखीत कुणालाच झालं नाही. मग हे खरं आहे का?

झालं असेल, फक्त त्या नावाने तुमच्या कानावर आलं नसेल. सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे. २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं मी काउंटरमागे काढली. 'मला डिप्रेशन आलंय' म्हणणारं एकही गिऱ्हाईक आठवत नाही. 'पित्त उसळतंय', 'छातीत धडधडतंय', 'रात्री दोनला जाग येते ती येतेच' म्हणणारी मात्र रोज. पित्ताची गोळी न्यायची, आठवड्याने पुन्हा हजर. काहीजण दबक्या आवाजात झोपेची गोळी मागायचे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही म्हटलं की, 'दवाखान्यात गेलो तर तिथेच लागण व्हायची,' हे उत्तर ठरलेलं.

एक रिटायर्ड काका ऑक्सिमीटर घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. 'खराब आहे हा, कधी ९७ दाखवतो, कधी ९८.' मी माझ्या बोटाला लावून दाखवला, तरी बदलून नेला. दोन दिवसांनी तोही परत. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली. दर वीस मिनिटांनी आकडा लिहिलेला, रात्री तीनचासुद्धा. एकही ९६ च्या खाली नाही. घरचे म्हणायचे, काका फार काळजी घेतात. मीही तेच म्हणालो आणि वर नवे सेल घालून दिले. त्याची आज लाज वाटते.

आकडे म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं. बायका आणि तरुण मुलांना जास्त झळ बसली. ही काही माणसं मोजून काढलेली संख्या नव्हे. सर्वेक्षणांवरून बांधलेला अंदाज आहे, आणि गरीब देशांतली सर्वेक्षणं मुळात कमी. त्यामुळे नेमक्या २५ वर मी भांडणार नाही. वाढलं होतं, एवढं काउंटरवरूनही दिसत होतं.

मनाच्या त्रासासाठीची सरकारची टेली मानस हेल्पलाइन आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे साथ ओसरल्यावर. नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पित्ताची गोळी तिसऱ्यांदा मागायला आलेल्याला मी हल्ली बिलाच्या मागे तो लिहून देतो. कशाचा नंबर आहे हे फारसं कुणी विचारत नाही. घडी घालून खिशात ठेवतात.